मदत हवी आहे: व्हायोलिनच्या नोटेशनमधले आर्पेजिओ पटकन कसे वाचायचे?

नमस्कार मंडळी. राहायला कोल्हापुरात, राजारामपुरीला. मुलगी सहावीत आहे, वेस्टर्न व्हायोलिन शिकते. स्केल बघून व्यवस्थित वाजवते, पण आर्पेजिओ (कॉर्डचे, म्हणजे एकत्र जुळणारे स्वर, एकामागून एक) आला की गाडी अडली. प्रत्येक नोटला खालून रेघा मोजत बसते, तोवर बो (गज) तारेवर तसाच. मी भजनात पेटी वाजवतो, त्यामुळं सा ग प सां कानाला कळतं. त्या पाच रेघांचं गणित मात्र डोक्यात शिरत नाही. क्लास आठवड्यातून एकदा, मधले दिवस माझ्या गळ्यात. नोट्सवर पेन्सिलीनं अक्षरं लिहून देऊ का? आणि तीन-तीन नोट्सवर कमान काढलेली असते, ती कशासाठी?

प्रतिसाद १
दादा, अक्षरं नकोत. पोरं मग अक्षरंच वाचतात. फार तर पहिल्या नोटवर लिहा.

सा ग प कळतंय ना, मग झालं की. दोन सप्तकांचा जी मेजर (जी हाच सा) उघडा. जी, बी, डी हे तिन्ही स्टाफच्या (त्या पाच रेघांच्या) खाली आणि तिन्ही जागेत, रेघेवर एकही नाही. सा-ग-प मध्ये एकेक स्वर सुटतो, म्हणून असं होतं. प वरून सां ला जाताना मात्र दोन सुटतात, म्हणून पुढचा जी दुसऱ्या रेघेवर. मग बी, डी तिसऱ्या-चौथ्या रेघेवर, आणि पुन्हा मोठी उडी: शेवटचा जी पाचव्या रेघेच्या वर. म्हणजे पहिली नोट वाचायची आणि उडी कुठं आहे तेवढं बघायचं.

बोटं: मोकळी जी, तिच्यावरच दुसरं, मोकळी डी, तिच्यावर तिसरं, ए तारेवर पहिलं नि तिसरं, ई वर दुसरं.

डी मेजरला जपा. तिथं ग म्हणजे एफ शार्प (एफच्या अर्धा स्वर वर), दुसरं बोट तिसऱ्याला चिकटून. विसरली तर कोमल ग लागेल, तुम्हाला आतल्या खोलीतनंही कळेल.

कमानीखालच्या नोट्स एकाच बोमध्ये घ्यायच्या. आधी सुट्या वाजवू दे.

धागाकर्ता
लई उपकार! एका ठिकाणी तीन नोट्स एकावर एक आहेत, शेजारी उभी नागमोडी रेघ. तेही हेच का?

प्रतिसाद २
ती कॉर्ड, खालच्या स्वरापासून वर उलगडत न्यायची. घोडी (तारा टेकतात ती लाकडी पट्टी) गोलसर असल्यामुळं तीन तारा एकदम नीट धरून वाजत नाहीतच. पण हे सरांसमोरच करू दे, घरी नको.