अभ्यासिकेत लॅपटॉपला केबल लॉक लावावं की नाही?

पेठेतला_वाचक

पुण्यातली नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रोड. या भागातल्या अभ्यासिकांमध्ये आता पुस्तकांइतकेच लॅपटॉप दिसतात. लेक्चर ऑनलाइन, टेस्ट सिरीज ऑनलाइन, नोट्सच्या पीडीएफ. आणि तो लॅपटॉप टेबलावर तसाच सोडून मुलं चहाला, मेसला जातात. जाताना शेजारच्याला "जरा लक्ष ठेव रे" एवढंच सांगतात. थोड्या वेळानं तो शेजारचाही उठून जातो आणि त्याच्या जागी दुसराच कुणीतरी येऊन बसतो.

माझं मत असं की अभ्यासिकेत लॅपटॉप नेणाऱ्या प्रत्येकानं केबल लॉक वापरायलाच हवं. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बऱ्याच लॅपटॉपच्या कडेला साधारण ७ मिमी लांब आणि ३ मिमी रुंद अशी खाच असते. केन्सिंग्टन कंपनीनं १९९०च्या दशकात ती रूढ केली. पोलादी केबलचं एक टोक टेबलाच्या लोखंडी सांगाड्याभोवती गुंडाळायचं आणि दुसऱ्या टोकाचं कुलूप या खाचेत बसवायचं. आत गेलेला खिळा ९० अंशांत फिरतो आणि अडकतो.

लोक लगेच म्हणतील, केबल कापता येते. येते ना! पण अभ्यासिकेत चोरी कशी होते ते बघा. हातात लॅपटॉप घेऊन जिना उतरणारा मुलगा ही तिथली सगळ्यात नेहमीची गोष्ट आहे. त्याच्याकडे कुणीही मान वर करून बघत नाही, आणि चोराचं सगळं बळ तेवढ्यातच असतं. त्याच शांत खोलीत कुणी टेबलाखाली वाकून पोलादी तार कापू लागला तर वीस जण बघतील. केबल चोराला अडवते ती अशी: त्याला सगळ्यांच्या नजरेत आणते.

मुळशी_रोड

सहमत नाही. मुद्दा मांडलात छान, पण केबलवर तुम्ही फार भार टाकलात.

या केबली बहुतेक ४ ते ६ मिमी जाडीच्या, वर प्लास्टिकचं आवरण. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा वायर-रोप कटर बॅगेत सहज मावतो आणि काम काही सेकंदांत होतं. कुलपांची गोष्ट तर आणखी वाईट. २००४ मध्ये अमेरिकेत सायकलींची गोल चावीची महागडी कुलुपं साध्या बॉलपेनच्या नळीनं उघडतात हे जगजाहीर झालं आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. त्याच जातीची गोल चावीची कुलुपं लॅपटॉपसाठीही विकली जात होती. आकड्यांच्या स्वस्त कुलपात चाकं हलकेच दाबून फिरवली की योग्य आकडा बोटांना जाणवतो.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. कुलूप लावलं की माणूस निर्धास्त होतो. दहा मिनिटांच्या चहाचं तासाभराचं जेवण होतं. त्यापेक्षा उठताना लॅपटॉप बॅगेत घालून बरोबर न्यावा. दीड किलोचं ओझं आहे, त्यात काय मोठं?

आणि लॅपटॉप गेला तर चाळीस-पन्नास हजार जातात, पण त्यातला डेटा गेला तर? आधार, पॅन, बँकेची स्टेटमेंटं, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात ठेवलेली नसेल तर विंडोजच्या पासवर्डला काही अर्थ नाही. एसएसडी (फायली साठवणारा भाग) काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की सगळ्या फायली समोर. विंडोजमधली एन्क्रिप्शनची सोय म्हणजे बिटलॉकर, ती चालू करा, मॅक असेल तर तिथली तशीच सोय फाइलव्हॉल्ट चालू करा, बॅकअप घ्या. केबलवर पैसे घालण्याआधी हे करा.

अनघा_वि

"त्यात काय मोठं" हे वाक्य मला खटकलं, मुळशी_रोड. बारा-बारा तास बसणाऱ्या मुली दिवसातून किती वेळा उठतात याचा विचार करा. वॉशरूम खालच्या मजल्यावर असतं, पाणी भरायचं असतं, घरून फोन आला की बाहेर जाऊन बोलावं लागतं. दर वेळी चार्जर काढा, बॅग भरा, लॅपटॉप खांद्यावर घेऊन वॉशरूमला जा, आणि तिथे तो ठेवायला कोरडी जागा नसते. राखीव जागा नसेल तर परत येईपर्यंत टेबलावर दुसरं कुणी बसलेलं असतं.

एन्क्रिप्शनबद्दल तुम्ही बोललात ते शंभर टक्के बरोबर. पण चाळीस हजारांचा लॅपटॉप परभणीच्या किंवा गडचिरोलीच्या घरातून एकदाच येतो. तो गेला तर डेटा सुरक्षित असल्याचा आनंद घेऊन पुढच्या महिन्याची मुख्य परीक्षा देता येत नाही. आम्हाला वस्तूही वाचवायची आहे.

पेठेतला_वाचक

@मुळशी_रोड, एन्क्रिप्शनचं मान्य, दोन्ही करावं. पण "कटर मिळतो" हा युक्तिवाद घराच्या कुलपालाही लागू होतो, म्हणून आपण दार उघडं टाकून जात नाही. पुण्यात बॅचलर मुलांच्या फ्लॅटमधून लॅपटॉप-मोबाइल जातात त्या बातम्या आठवा. सकाळी दार नुसतं लोटलेलं, मुलं झोपलेली, कुणीतरी आत शिरून उचलून नेतो. तो काही कटर घेऊन फिरत नसतो. लोटलेली दारं शोधत फिरतो.

की_बोर्ड

दोघांनी एक गोष्ट सोडली, ती म्हणजे खाच. विकत घेण्याआधी आपल्या लॅपटॉपची खाच कोणती ते बघा, नाहीतर पैसे वाया. जुनी प्रचलित खाच ७ बाय ३. पातळ लॅपटॉपसाठी नंतर नॅनो आली, ती ६ बाय २.५. डेलच्या बऱ्याच लॅटिट्यूड मॉडेलमध्ये तिसरीच, पाचरीसारखी नोबल खाच असते. एकीचं कुलूप दुसरीत बसत नाही. मॅकबुक एअरला खाच कधीच नव्हती, मॅकबुक प्रोनंही २०१२च्या रेटिना मॉडेलपासून ती काढून टाकली. अशांसाठी चिकटवायच्या धातूच्या पट्ट्या मिळतात, पण तिथे सगळी भिस्त गोंदावर.

आणि प्लास्टिक बॉडीच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये खाचेमागे धातू नसेल तर जोराचा हिसका देऊन कुलूप उपटता येतं. कडेचा तुकडा निघतो. तुटक्या कडेचा लॅपटॉप सेकंडहँड बाजारात संशय निर्माण करतो, भावही पडतो, हे खरं. पण सुटे भाग विकणाऱ्याला कडेशी काय देणंघेणं?

आकड्यांचं कुलूप घेतलंत तर सुरुवातीचा ०००० आधी बदला. आणि लावताना चारही चाकं फिरवा. शेवटचं एकच चाक एक घर सरकवून निघून जाणारे खूप दिसतात. मग दहा हजार आकड्यांतले दहाच तपासायचे उरतात.

अभ्यासिका_चालक

मी स्वतः अभ्यासिका चालवतो, म्हणून चालकाची बाजू मांडतो. केबलला माझा विरोध आहे. आमची टेबलं प्लायवूडची, मधे पार्टिशन. मुलं केबल टेबलाच्या पायाला अडकवतात. पाय खाली मोकळा असतो, टेबल दोन इंच उचललं की फास खालून निघून येतो. म्हणजे सुरक्षा शून्य. वर जाता-येता पायात अडकून माणसं पडतात, आणि कुणी ओढाताण केली तर पार्टिशन माझं तुटतं. आमच्याकडे सीसीटीव्ही आहे, दारावर "मौल्यवान वस्तूंची जबाबदारी ज्याची त्याची" अशी पाटीही आहे. आणखी काय करायचं?

अनघा_वि

लॉकर द्यायचे, सर. महिन्याची फी घेता, एसी आणि वायफायची जाहिरात करता, तर लॅपटॉप मावेल एवढा आणि आत चार्जिंगची सोय असलेला कप्पा मागणं जास्त होतं का? सीसीटीव्ही चोरी थांबवत नाही, झाल्यावर दाखवतो. तेही तोंडाला रुमाल आणि डोक्यावर टोपी असेल तर काय दिसणार? टेबलाचा पाय मोकळा आहे हे तुम्हाला माहीत आहे, तर खाली एक आडवी लोखंडी पट्टी वेल्ड करून घ्या. फास त्या पट्टीला घातला की टेबल उचलून काही साधत नाही, आणि केबल टेबलाखालीच राहिल्यानं पायातही येत नाही.

अभ्यासिका_चालक

पट्टीचं पटलं. नवीन हॉलच्या टेबलांना ती करून घेता येईल. लॉकरला जागा लागते, आणि पेठेतल्या भाड्यात एक कपाट म्हणजे दोन सीट. फी वाढवली की हीच मुलं दुसरीकडे जातात. हे बाहेरून दिसत नाही.

रात्रराणी_एक्सप्रेस

विषय अभ्यासिकेचा आहे, पण हीच मुलं सुट्टीला नांदेड-लातूरला रेल्वेनं जातात, म्हणून लिहिते. गाडीत केबल लॅपटॉपच्या खाचेत लावू नका. खालच्या बर्थखाली सामान बांधायला कड्या असतात, तिथे साखळी घालून बॅग बांधा. तरी लॅपटॉपची बॅग मी खाली ठेवणार नाही, उशाशीच घेईन, कारण चेनच्या दातांत बॉलपेन खुपसलं की चेन उघडते आणि वरचा रनर फिरवला की पुन्हा बंदही होते. कुलूप जागच्या जागी दिसतं, बॅग रिकामी.

रेल्वे भरपाई देईल या भरवशावर तर अजिबात राहू नका. रेल्वे कायदा १९८९च्या कलम १०० प्रमाणे प्रवाशानं स्वतःबरोबर नेलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेवर येते ती कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध झालं तरच. प्रवाशाच्या कमरेच्या पट्ट्यातली रोकड चोरीला गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही २०२३ मध्ये सांगितलं की प्रवासी स्वतःची वस्तू सांभाळू शकला नाही तर त्याला रेल्वेच्या सेवेतली त्रुटी म्हणता येणार नाही.

मुळशी_रोड

ही माहिती कामाची. माझं म्हणणं यातूनच पुढे नेतो. वस्तू सांभाळायची जबाबदारी शेवटी आपल्यावरच पडते, म्हणून ती हातात असलेली बरी. अनघाताई, वॉशरूमचा मुद्दा मी धरला नव्हता, तेवढ्या पाच मिनिटांसाठी केबल ठीक. जेवायला जाताना मात्र लॅपटॉप बरोबरच न्यावा, यावर मी ठाम आहे. रोज समोर बसणारा कुणी मनात आणेल तर त्याला तुमची जेवणाची वेळ पाठ असते, आणि तुम्ही आकडा लावताना त्यानं शंभरदा पाहिलेलं असतं. अनोळखी चोर नजरेला घाबरेल. रोजच्या चेहऱ्याकडे नजर जातच नाही.

पेठेतला_वाचक

रोजच्या चेहऱ्याचा मुद्दा खरा आहे, त्यासाठी मी आकड्यांऐवजी चावीचंच कुलूप सुचवेन. मात्र गोल नळीसारख्या चावीचं नको, आणि चावी गळ्यात किंवा खिशात ठेवा, टेबलावर नको. पण "पाच मिनिटं ठीक, तास नको" अशी शिस्त वर्षभर कुणी पाळत नाही. जेवणाला नेता आला तर न्या, नसेल नेणार तर बांधल्याशिवाय उठू नका. न बांधता उठणं ही आजची सवय आहे आणि माझा सगळा आग्रह ती मोडण्यासाठी आहे.

की_बोर्ड

उठताना स्क्रीन लॉक करायला विंडोज आणि एल ही बटणं एकत्र दाबायलाही विसरू नका. स्क्रीन उघडी असेल तर बिटलॉकर काही वाचवत नाही. आणि रिकव्हरी की (बिटलॉकर अडलं तर ड्राइव्ह उघडणारा लांबलचक आकडा) त्याच लॅपटॉपवर ठेवू नका, मायक्रोसॉफ्ट खात्यात किंवा कागदावर ठेवा.

फौजदारी_वकील_सांगली

चोरी झालीच तर काय करायचं ते लिहितो, कारण नेमकी इथेच मुलांची फसगत होते. "गहाळ झाल्याची ऑनलाइन नोंद करा" असं सांगितलं जातं आणि मुलं ती करून मोकळी होतात. गहाळ वेगळं, चोरी वेगळी. चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली नोंदवून घ्या आणि एफआयआरची प्रत मागा, ती विनामूल्य मिळते. हद्दीचं कारण देऊन परत पाठवत असतील तर झिरो एफआयआरचा, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवल्या जाणाऱ्या एफआयआरचा आग्रह धरा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती तरतूद आहे. मोबाइलसारखा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) टाकून सीईआयआर या सरकारी पोर्टलवर ब्लॉक करायचा मार्ग साध्या लॅपटॉपला नाही, म्हणून सीरियल नंबर आणि बिल हाच ओळखीचा पुरावा. खालच्या बाजूचा फोटो आजच काढून स्वतःला मेल करा.

केबलबद्दल एवढंच. बऱ्याच विमा पॉलिसींत वस्तू बेवारस सोडली असेल किंवा बळजोरीची खूण नसेल तर दावा नाकारण्याची अट असते. कापलेली केबल किंवा तुटलेली खाच ही तशी खूण आहे. ती फेकून देऊ नका, पंचनाम्यात लिहून घ्या.

अनघा_वि

वकीलसाहेब, बिल दुकानदारानं वडिलांच्या नावावर केलेलं आहे. तक्रार मी देऊ शकते का?

फौजदारी_वकील_सांगली

हो, देऊ शकता. लॅपटॉप चोरीच्या वेळी तुमच्या ताब्यात होता, तेवढं पुरतं. बिल वडिलांच्या नावावर आहे हे जबाबात स्पष्ट लिहा आणि प्रत जोडा. विमा असेल तर दावा मात्र ज्यांच्या नावावर पॉलिसी आहे त्यांनीच करायचा.