विडालवर मोजलेला टायफॉइड खरा मानायचा का?

गिरगावकर (धागाकर्ता): ताप चार दिवस उतरला नाही की मुंबईत विडाल चाचणी होते आणि ती पॉझिटिव्ह आली की टायफॉइड पक्का समजला जातो. 1896 सालची ही चाचणी जंतू शोधत नाही, प्रतिपिंडे मोजते. ती जुन्या संसर्गाने किंवा साल्मोनेलाच्या (टायफॉइडचा जंतू ज्या गटातला, त्या गटाच्या) इतर प्रकारांनीही वाढलेली असू शकतात. अशा निदानांच्या बेरजेवरून शहरावरचा टायफॉइडचा भार ठरवला, तर पाणी आणि अन्नाच्या स्वच्छतेवर झालेला खर्च कामी आला की नाही, हे कधीच कळणार नाही. ब्लड कल्चरने, म्हणजे रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून, सिद्ध झालेले रुग्णच मोजावेत.

दादरकर: असहमत. ब्लड कल्चरमध्येही जवळपास निम्मे रुग्ण निसटतात, आणि केमिस्टकडून अँटिबायोटिक घेऊन आलेले तर त्याहून अधिक. गोवंडीतला रोजंदारीवरचा माणूस अहवालासाठी दोन-तीन दिवस खाडा करणार नाही. म्हणजे तुमच्या नियमाने ज्या वस्त्यांत जलवाहिनी गटारातून जाते, त्याच कागदोपत्री निरोगी ठरतील. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात संशयितांचा 'पी' आणि प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्यांचा 'एल' असे वेगळे तक्ते आहेत, ते उगाच नव्हेत.

गिरगावकर: तक्ते वेगळे राहिले तर माझी तक्रारच नाही, चर्चेत मात्र दोन्हींची सर्रास बेरीज होते. निम्मे निसटतात हे ठाऊक असेल, तर तेवढी दुरुस्ती करता येते. विडालची चूक वस्तीगणिक आणि किटगणिक बदलते, तिची दुरुस्ती कशी करणार? शिवाय सिंधमध्ये 2016 पासून पसरलेला, बहुतेक औषधांना न जुमानणारा टायफॉइड कल्चरमुळेच ओळखता आला.

नेरूळवासी: नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये 9 महिने ते 14 वर्षे वयाच्या मुलांना टायफॉइड कॉन्जुगेट लस दिली, सार्वजनिक कार्यक्रमात ही लस देण्याची जगातील ती पहिली वेळ. लसीचा परिणाम जोखण्यासाठी कल्चरचाच आधार घेतला गेला, पण निवडक रुग्णालयांत. प्रत्येक दवाखान्यावर सक्ती कशाला?

दादरकर: निवडक रुग्णालये मान्य, पण रुग्णांचा दर काढताना भागायचे कोणत्या लोकसंख्येने? मुंबईच्या रुग्णालयांत मुंब्रा-विरारचेही रुग्ण येतात. 2017 ते 2020 च्या राष्ट्रीय अभ्यासात ठरावीक मुलांचा सतत पाठपुरावा झाला, म्हणून दिल्ली, कोलकाता, वेल्लोरच्या शहरी वस्त्यांत वर्षाला लाख मुलांमागे 576 ते 1,173 रुग्ण आणि पुण्याच्या ग्रामीण भागात फक्त 35, हा फरक दिसू शकला. मुंबईत किमान केसपेपरवर राहत्या वॉर्डाची नोंद सक्तीची करा. कल्चरचे त्यानंतर पाहू.