मदत हवी आहे: वाचतो रोज, पण डोक्यात काही राहत नाही

नमस्कार मंडळी. मला वाटत होतं, वाचनाची सवय एकदाची लागली. रोज झोपताना २० पानं, गेले आठ महिने, खाडा जवळपास नाहीच. पण परवा भावाने विचारलं, "ते झाडांवरचं पुस्तक संपवलंस ना, काय होतं त्यात?" दोन वाक्यं बोललो, तिसरं सुचेचना. घरी येऊन पुस्तक उघडलं तर पानोपानी हायलायटरच्या पिवळ्या रेघा. माझ्याच. त्या कशासाठी मारल्या, तेही आठवेना.

एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं, की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर निसटतं आणि मग तो वेग मंदावतो. (म्हणजे दोष एकट्या माझा नाही, तेवढंच समाधान.) पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहिलेलं जास्त टिकतं, हेही वाचलं होतं. म्हणून प्रकरण संपलं की न बघता वहीत चार ओळी लिहायला लागलो. चार दिवस जमलं. पाचव्या दिवशी वाचनच टाळलं, कारण लिहायचा कंटाळा!

तर विचारायचंय असं: नोंदी ठेवणारे त्या कधी लिहितात, लगेच की दुसऱ्या दिवशी? कथा-कादंबऱ्यांच्याही? रात्रीऐवजी सकाळी वाचून कोणाला फरक पडलाय का? अ‍ॅप कृपया सुचवू नका, फोन हातात आला की पुस्तक बाजूलाच राहतं. आणि अर्धवट सोडलेल्या पुस्तकांचं काय करता? माझ्याकडे सहा आहेत.