मदत हवी आहे: दारूचा थेंब नाही, तरी आबांचं लिव्हर कडक झालंय. नवीन औषधांचं कुणाला माहीत आहे का?

गुऱ्हाळकर_करवीर

नमस्कार मंडळी. इथं आजवर नुसता वाचक होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

आमचे आबा, वय ५८. माळकरी आहेत, वारी चुकवत नाहीत. दारू सोडा, तंबाखूही नाही. करवीर तालुक्यात आमचं घरचं गुऱ्हाळ आहे. नऊ वर्षांपासून शुगर. गणपतीच्या आधी पोटात कळ आली म्हणून मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली. खडा निघाला नाही, पण रिपोर्टात ‘फॅटी लिव्हर ग्रेड २’ आलं. एका ठिकाणी दाखवलं तर “हे आजकाल सगळ्यांनाच असतं, तेल कमी करा” म्हणून पाच मिनिटांत वाटेला लावलं. मनाला पटलं नाही, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त तपासलं आणि फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजायची तपासणी) करायला लावला.

रिपोर्ट असे: लिव्हरच्या तपासण्या एसजीओटी ६४, एसजीपीटी ७८, प्लेटलेट १ लाख ६२ हजार, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.१. फायब्रोस्कॅन ११.२ किलोपास्कल. वजन ८४ किलो, उंची साडेपाच फुटांच्या आसपास. कावीळ बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह.

आता माझे प्रश्न. पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो, अमेरिकेत लिव्हरची नवीन गोळी आलीय, ती मागवू. डॉक्टर आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनबद्दल बोलले. मामांनी गुळवेलीचा काढा पाठवलाय. आणि आबांनी कुणाचं तरी ऐकून कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद केली, का तर ‘त्यानं लिव्हर खराब होतं’. या सगळ्यात खरं काय धरायचं?

खरं दुखणं वेगळंच आहे. गल्लीत कुजबुज सुरू झालीय, “माळकरी म्हणायचा आणि लपून घेतोय की काय.” आबा ते ऐकून गप्प गप्प राहायला लागलेत.

निशिगंध_मिरज

दादा, आधी कुजबुजीचं बोलू. या आजाराचं नाव जगभरच्या लिव्हरतज्ज्ञांनी जून २०२३ मध्ये बदललं. आधीच्या इंग्रजी नावात ‘दारूशिवायचा’ असा शब्द होता, म्हणजे नावातच दारूचा संशय. आता एमएएसएलडी म्हणतात, आणि त्यात शरीरातल्या साखर-चरबीच्या बिघडलेल्या व्यवहारावर बोट आहे. शुगर, सुटलेलं पोट, वाढलेलं ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ही याची भावंडं. गल्लीला एवढं सांगा.

मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये काम करते. पण एक हिशेब तुम्हीही घरी करू शकता. वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीच्या वर्गमूळानं. याला फिब-४ म्हणतात. आबांचा साधारण २.६ येतो. १.३ च्या खाली असता तर निर्धास्त झोपा म्हटलं असतं, २.६७ च्या वर असता तर धोका जास्त धरला असता. आबा मधल्या पट्ट्यात आहेत, अगदी वरच्या काठाला. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी फायब्रोस्कॅन केला ते बरोबरच झालं. सोनोग्राफीतल्या ‘ग्रेड’वरून चरबी किती ते अंदाजानं कळतं, पण लिव्हर किती कडक झालं ते कळत नाही. आणि पुढं काय होणार ते या कडकपणावरच ठरतं.

एक विचारू? फायब्रोस्कॅनच्या आधी आबांनी काही खाल्लं होतं का?

गुऱ्हाळकर_करवीर

ताई, खरं सांगू? नंबर अकराचा होता. साडेनऊला कोल्हापुरात पोचलो आणि आबा म्हणाले, मिसळ खाऊन घेऊ. दोघांनी खाल्ली. पाव जादा घेतला.

निशिगंध_मिरज

झालं मग! त्या तपासणीआधी किमान तीन तास पोट रिकामं लागतं. जेवणानंतर लिव्हरकडे रक्त वाढतं आणि आकडा फुगतो. डॉक्टरांना हे सांगा आणि परत उपाशीपोटी करायला मागा. ८ च्या खाली आला तर पुढच्या टप्प्याचा धोका कमी, १२ च्या वर गेला तर जास्त.

काढेवाला_पन्हाळा

ही सगळी फायब्रो-बियब्रोची भानगड सोडा ओ. गुळवेल, पुनर्नवा, भुई आवळा, तीन महिने रोज अनशापोटी. आमच्या आज्ज्यानं शंभर कावीळवाले बरे केलेत.

रंकाळा_वॉकर

काढेवाले, आज्ज्यांना रामराम. पण हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते. काढा प्यायला काय आणि न प्यायला काय. हा आजार तसा नाही, हा वर्षानुवर्षं मुकाट वाढतो.

आणि गुळवेलीचं म्हणाल तर २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद छापली होती. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली, म्हणालं वनस्पती नीट ओळखलेली नाही, दिसायला सारखी दुसरी जात असू शकते. वाद बाजूला ठेवा. बाजारातली कांडी खरी गुळवेल आहे की तिची बहीण, हे तुम्ही आम्ही कसं ओळखणार? ज्याचं लिव्हर आधीच सुजलंय त्यानं हा जुगार का खेळावा?

आता औषधं. मी स्वतः यातून गेलोय (माझा आकडा ९.४ होता), म्हणून बरंच वाचलंय.

चुलतभाऊ म्हणतो ती गोळी रेस्मेटिरॉम. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळाली, या आजारासाठी तिथं मान्य झालेलं ते पहिलं औषध. लिव्हरमधल्या थायरॉइड हार्मोनच्या एका रिसेप्टरला चालना देऊन चरबी जाळते. ९६६ रुग्णांवरच्या चाचणीत वर्षभरानंतर लिव्हरची सूज निवळली ती गोळी घेणाऱ्यांत डोसनुसार २६ ते ३० टक्क्यांची, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत जेमतेम १० टक्क्यांची. चांगलं आहे, पण चमत्कार नाही. दहांतल्या सात जणांची सूज औषध घेऊनही तशीच राहिली, हे पुण्याच्या भावाला सांगा.

आठवड्याचं इंजेक्शन म्हणजे बहुधा सेमाग्लुटाइड. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं त्यालाही याच आजारासाठी मान्यता दिली. ७२ आठवड्यांच्या चाचणीत ८०० जणांमध्ये सूज निवळण्याचं प्रमाण जवळपास ६३ टक्के, औषधाविना ३४ टक्के. यानं वजन आणि शुगर दोन्ही उतरतात, म्हणून आबांसारख्याला जास्त जुळतं. सुरुवातीला महागच होतं. भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचंच, त्यानंतर भाव उतरणार अशी माझी अटकळ. मळमळ, बद्धकोष्ठता होते. मला पहिले तीन आठवडे भाताचा वाससुद्धा नको व्हायचा.

आपल्याकडचं सारोग्लिटाझरही आहे. २०२० मध्ये भारतात या आजारासाठी त्याला परवानगी मिळाली. मला आधी तेच दिलं होतं. कुठलं, कधी, हे डॉक्टरांवर सोडा.

कोलेस्टेरॉलची गोळी मात्र उद्याच्या उद्या डॉक्टरांना विचारून परत सुरू करा. फॅटी लिव्हर आहे म्हणून स्टॅटिन बंद करायचं नसतं. या आजाराच्या माणसाला लिव्हरच्या आधी हार्टच दगा देतं.

माई_शाहूपुरी

बाळा, एक राहिलं. तुमच्या घरी गुऱ्हाळ. आबा काकवी पितात का? आणि उसाचा रस?

गुऱ्हाळकर_करवीर

माई, दुखत्या नसेवर बोट ठेवलंत. आबा स्वतः गुळव्या, म्हणजे गुळाचा पाक बघणारे आहेत. चुलवाण पेटलं की दिवसभर काहिलीजवळ (रस आटवायच्या कढईजवळ). पाक चिकट झाला की नाही ते बोटावर घेऊन चाखायचं, पाहुणा आला की काकवी, तहान लागली की रस. आणि “गूळ म्हणजे साखर नव्हे, नैसर्गिक आहे” हे पालुपद. मी हिशेब केला तेव्हा हंगामात रोज सात-आठ वेळा गोड पोटात जात होतं.

माई_शाहूपुरी

कोल्हापूरचा गूळ जगात भारी, पण लिव्हरला त्याचं कौतुक नाही. गुळात निम्मी फळसाखर (फ्रुक्टोज), ती थेट लिव्हरात जाते आणि तिथंच तिची चरबी होते. माझ्या मालकांना आहारतज्ज्ञांनी तांबड्या-पांढऱ्या रश्शापेक्षा आधी चहातला गूळ सोडायला लावला होता. माळकऱ्याला अंडी-मासे चालणार नाहीत, तर मटकी, हुलगे, ताक, पनीर असं प्रथिन वाढवा, भाताची वाटी लहान करा. आणि एकादशीला साबुदाण्याचा डोंगर नको. आमच्याकडं ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’चा प्रकार होता.

रंकाळा_वॉकर

माईंना दुजोरा. क्यूबामधल्या २९३ रुग्णांच्या अभ्यासात ज्यांनी वर्षभरात वजन १० टक्के किंवा जास्त उतरवलं, त्यांच्यापैकी ९० टक्क्यांची सूज गेली आणि ४५ टक्क्यांचा कडकपणाही मागे हटला. आबांचे १० टक्के म्हणजे ८ किलो ४०० ग्रॅम. पण प्रामाणिकपणे सांगतो, त्या अभ्यासात इतकं वजन उतरवणारे दहांतले एकच होते. म्हणून इंजेक्शन मागणाऱ्याला आळशी म्हणू नका.

गुऱ्हाळकर_करवीर

(अपडेट, दिवाळीनंतर)

सगळ्यांचे आभार. परत फायब्रोस्कॅन केला, यावेळी रात्रीपासून उपाशी. ८.९ आला. डॉक्टर म्हणाले मधल्याच पट्ट्यात आहे, पण आधीच्या आकड्यावर घाबरायचं कारण नाही. एंडोस्कोपीची भीती होती, तीही या आकड्याला आणि या प्लेटलेटला लागत नाही म्हणाले. स्टॅटिन सुरू केलं. इंजेक्शन थांबवलंय, तीन महिने वजनावर बघू म्हणाले. काढ्याची पिशवी मामांना परत दिली, मामा रुसलेत.

वजन ८०.५ आहे. परवा चुलवाण पेटलं. पाक बघायला आता धाकटा भाऊ उभा राहतो, आबा लांब खुर्चीत बसून नुसत्या वासावर सांगतात, “काढा आता, उशीर होतोय.” पहिल्या दोन काहिली करपल्या, तिसरी जमली.

एक शेवटचं. घरात आईची आणि माझीही शुगर काठावर आहे. आम्हीही ते फिब-४ काढावं का?

निशिगंध_मिरज

आईंचा नक्की काढा. तुमचं वय ३५ च्या आत असेल तर या हिशेबावर फार विसंबू नका, सूत्रात वय असल्यानं तरुणांत आकडा फसवा येतो. डॉक्टरांनाच विचारा. आणि यावेळी मिसळ तपासणीनंतर!