मुरलीच्या ८०० मधून विकेटी वजा करणाऱ्यांना उत्तर

सड्यावरचा
परवा इथे एकाने लिहिलं की ऑस्ट्रेलियाच्या शेन वॉर्नच्या ७०८ कसोटी विकेटी खऱ्या, श्रीलंकेच्या मुरलीधरनच्या, आपल्या मुरलीच्या ८०० म्हणजे नुसती फेकाफेकी, आणि आयसीसीने, म्हणजे क्रिकेटच्या जागतिक संघटनेने, एका माणसासाठी नियम वाकवला. खाली धडाधड अंगठे. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

अरे, त्या माणसाचा उजवा हात जन्मापासून कोपरात वाकडा आहे, पूर्ण सरळ होतच नाही. आणि नियम वाकड्या हाताबद्दल नाहीच, हात खांद्याच्या रेषेत आल्यापासून बॉल सुटेपर्यंत कोपर सरळ करायचं नाही एवढाच आहे. वाकडा हात वाकडाच ठेवून टाकला तर फेकी कुठून झाली? एक वाकडी काटकी घ्या, रात्री पडवीत बल्बसमोर धरून गोल फिरवा आणि भिंतीवरची सावली बघा. आत्ता वाकडी, लगेच सरळ, परत वाकडी. काटकी तीच आहे. टीव्हीवर आपण बघतो ती ही सावली.

२६ डिसेंबर १९९५, मेलबर्न. अंपायर डॅरेल हेअरने फेकी म्हणून ३ ओव्हरमध्ये ७ वेळा नो-बॉल दिला, तोही बाजूने बघून नव्हे, बॉलरच्या टोकाला उभं राहून. कप्तान रणतुंगाने मुरलीला दुसऱ्या टोकाने लावला, तिथे अंपायर स्टीव्ह डन होता, त्याने एकही दिला नाही. हात तोच, दिवस तोच. मग जानेवारीत ब्रिस्बेनला अंपायर रॉस इमर्सनने त्याच्या लेगब्रेकलाही, म्हणजे मनगटाने वळवलेल्या बॉललाही, नो-बॉल दिला. लेगब्रेक फेकून टाकता येतो का कुणाला? ज्याने आयुष्यात एकदा तरी टाकून बघितलाय त्याने सांगावं.

दापोलीकर
काटकीचा प्रयोग छान आहे, पण सोयीचं तेवढंच लिहिलंत. २००४ चं का गाळलं? त्या वर्षी मॅच रेफरी ख्रिस ब्रॉडने त्याच्या 'दुसरा'ची, म्हणजे ऑफस्पिनरच्या हातातून उलटा वळणाऱ्या बॉलची, तक्रार केली, पर्थच्या युनिव्हर्सिटीत चाचणी झाली, कोपर १४ अंशांच्या आसपास सरळ होत होतं. स्पिनरला तेव्हा मुभा किती? ५. नंतर सुधारून १० च्या आसपास आणलं म्हणाले, तरी दुप्पटच. आणि १ मार्च २००५ पासून सगळ्यांनाच १५ अंशांची सूट. १४ आणि १५. तुम्हीच सांगा लोकांनी काय समजायचं.

१९६३ ला ऑस्ट्रेलियाच्याच इयन मेकिफला ब्रिस्बेनमध्ये एकाच ओव्हरमध्ये ४ नो-बॉल दिले, तो परत क्रिकेट खेळला नाही. त्याच्यासाठी कुणी कॅमेरे लावले नाहीत की समिती नेमली नाही. आपल्या बिशनसिंग बेदींसारखा स्पिनर वर्षानुवर्षं ओरडत राहिला तो काय वेडा होता?

लेगबाय
माझा फेकीशी संबंध नाही, पण आकडे काढा जरा. झिम्बाब्वे आणि बांगलादेश या कमकुवत संघांविरुद्ध मुरलीच्या १७६ विकेटी, वॉर्नच्या १७. ऑस्ट्रेलियात मुरलीच्या ५ कसोटीत १२, दर विकेटीला ७५ च्या वर धावा.

सड्यावरचा
लेगबाय, ओव्हल १९९८ बघून या. १६ विकेटी एका कसोटीत, इंग्लंडविरुद्ध, इंग्लंडमध्ये.

दापोलीकर, १५ हा आकडा मुरलीच्या कोपराचं माप घेऊन शिवलेला नाही. २००४ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत बॉलरांचं चित्रण करून तपासलं तेव्हा कळलं की जवळजवळ सगळ्यांचंच कोपर थोडंफार सरळ होतं. ऑस्ट्रेलियाचा मॅकग्रासुद्धा १० च्या वर निघाला, ज्याची ॲक्शन आपण पोरांना दाखवायचो. १५ च्या खालचं नुसत्या डोळ्याला कळत नाही म्हणून रेघ तिथे मारली. आणि ती रेघ ढिली असती तर २०१४ ला पाकिस्तानचा स्पिनर सईद अजमल बाहेर बसला नसता.

मुरली २००४ ला हाताला ब्रेस बांधून टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर आला, कोपर हलूच शकणार नाही असा, आणि तिन्ही प्रकारचे चेंडू टाकून दाखवले, 'दुसरा' धरून. आणखी काय करायला हवं होतं त्याने? त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानाने त्याला जाहीरपणे चकर, म्हणजे फेकीवाला, म्हटलं. पंतप्रधानाने!

दापोलीकर
कार्यक्रमात आरामात सहा बॉल टाकणं वेगळं आणि पाचव्या दिवशी विकेट हवी असताना टाकणं वेगळं.

खाडीपलीकडे
मी इथे कधी लिहीत नाही, नुसतं वाचतो. आज लिहितो.

माझा धाकटा भाऊ तेरा वर्षांचा असताना आंब्यावरून पडला, आमच्याच बागेत, वरच्या फांदीवरचा आंबा आकडीने ओढत होता. गावातल्या एकाने हाड बसवलं, काठ्या बांधल्या, दीड महिन्याने सोडलं तर कोपर वाकडं जुळलेलं. अजून तसंच आहे, पाटी डोक्यावर घेतली तर उजवा हात वर पूर्ण जात नाही. पण त्या हातातून टेनिस बॉल असा वळायचा की भात कापलेल्या मळ्यावर बॅटवाला एकीकडे आणि बॉल दुसरीकडे. आम्ही त्याला मुरलीच म्हणायचो. शेजारच्या गावात फायनल होती, बक्षीस बोकड आणि चषक. त्याने पहिल्याच ओव्हरला दोन काढल्या. दुसऱ्या ओव्हरला लेगच्या अंपायरने, तो त्यांच्याच वाडीतला, लागोपाठ तीन नो-बॉल दिले आणि माईकवाला लाउडस्पीकरवर ओरडला, 'भट्टा आहे भट्टा', म्हणजे फेकी. सगळा मळा हसला. भावाने बॉल पिचवर ठेवला, चपला घातल्या आणि चालत घरी आला. खाडी उतरून, भरतीची वेळ होती, कमरेपर्यंत भिजलेला. त्यानंतर त्याने बॉल हातात घेतला नाही. आज ट्रॉलरवर आहे.

त्यामुळे मेलबर्नला त्या माणसाला काय वाटलं असेल हे मला कुणी सांगायला नको.

मालवणी माणूस
भावाचा वाचून वायट वाटला. पण आता माजा पन आयका. वीस वर्सा मी अंपायरिंग करतंय. गावच्या मॅचीत कॅमेरो खंय असता? माका जा दिसता ता मी देतंय. एकाक सूट दिली काय दुसऱ्या दिवशी चार जण दगड मारल्यासारे टाकूक लागतत. माज्या भाच्याच्या डोळ्यार अशाच फेकीचो बॉल बसलो, आठ दिवस डोळो उघडूक नाय. तेवा कोण इलो नाय सांगूक की बिचाऱ्याचो हात वाकडो हा म्हणान.

खाडीपलीकडे
तुमच्या भाच्याचं वाईटच झालं. पण माझा भाऊ स्पिन टाकायचा. आणि तीन नो-बॉल पहिल्या ओव्हरला का नाही दिसले, दोन विकेटी पडल्यावरच का दिसले?

मास्तरीणबाई
हाच प्रश्न आहे. यजमान गावाचे दोन्ही अंपायर, यजमान गावाचा माईक, यजमान गावाचा स्कोअर लिहिणारा! मी शाळेच्या मुलींची टीम घेऊन जाते, गेल्या वर्षी आमच्या एका मुलीला माईकवरून काय काय ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. ती बारा वर्षांची आहे. तटस्थ गावाचे अंपायर लावा म्हटलं तर आयोजक म्हणतात खर्च परवडत नाही, आणि मांडवाला, लाइटला, पाहुण्यांच्या शालींना पैसे असतात.

मालवणी माणूस
बाई, सगळे अंपायर चोर नाय. माका एका मॅचीचे तीनशे गावतत, आणि गाळी फुकट.

मास्तरीणबाई
तुम्हाला चोर म्हटलं नाही. पण त्या मळ्यावर तुम्ही लेगला असता तर काय केलं असतं ते सांगा.

दापोलीकर
धागा मुरलीचा होता, तुम्ही मळ्यात नेऊन बसवलात. खाडीपलीकडे, तुमच्या भावाबद्दल सहानुभूती आहे, पण सहानुभूतीने नियम ठरत नाहीत. उद्या प्रत्येक फेकीवाला हाड मोडल्याची गोष्ट सांगेल.

खाडीपलीकडे
गोष्ट? तुम्ही या, मी कोपर दाखवतो. ट्रॉलरवर बर्फाची पेटी उचलताना तो हात कसा वाकडाच राहतो ते बघा आणि मग तोंड उघडा.

सड्यावरचा
दापोलीकर, हे शोभलं नाही तुम्हाला.

दापोलीकर
बरं, शब्द मागे घेतो. चुकलं.

आणि एवढं मान्य करतो की १९९५ ला हेअरने जे केलं ते चूक होतं. संशय होता तर रिपोर्ट करायचा, भर मेलबर्नला माणसाला उभं करून नव्हे. त्याचा नेहमीचा ऑफब्रेकही मी मोकळा सोडतो. पण २००४ चा 'दुसरा' त्या वेळच्या नियमाने फेकीच होता, त्यावर मी हटणार नाही. हवं तर ७८० धरा.

सड्यावरचा
एकही कमी होणार नाही. ८०० म्हणजे ८००.

मालवणी माणूस
बाईंनी इचारलेल्यावर रातभर इचार केलंय. मी आसतंय तर मी पन दिलंय आसतंय नो-बॉल, कारण लेगवरसून हात तसोच दिसतलो. पन आदी ओव्हर थांबवन त्याका बाजूक घेवन कोपर बगूक व्हया होता, ता माज्या कदी डोक्यात इला नाय. खाडीपलीकडच्या भावा, पावसात बोटी बंद आसतत मां, तेवा भावाक घेवन आमच्याकडे ये. शाळेच्या पडवीत टाकूक सांगूया. मी लेगक उभो रवतंय, मागसून पन बगतंय.

खाडीपलीकडे
विचारतो. हो म्हणेल असं वाटत नाही, पण विचारतो.