मदत हवी आहे: एनएमएमएसच्या यादीत नाव आहे, पण अर्जात शाळाच दिसत नाही

कोरडवाहू:
मुलगी जि. प. शाळेतून आठवीला एनएमएमएसच्या (केंद्राची शिष्यवृत्ती) परीक्षेला बसली, निवड यादीत नाव आलं. आता स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज भरतोय तर शाळेचं नाव येतच नाही. जुने गुरुजी म्हणतात आमचं काम संपलं. नव्या शाळेतले क्लार्क म्हणतात आमच्याकडे असलं काही नसतं. मुदत संपत आलीय, लवकर सांगा.

पाटीपेन्सिल:
कुठली शाळा येत नाही, जुनी की नवी? नवी अनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित? ओटीआर (पोर्टलवरची एकदाच करायची नोंदणी) काढलाय का?

रानवारा:
आठवीच्या शिष्यवृत्तीला पोर्टल नसतं हो. गुणवत्ता यादीत नाव असलं की पुढचं शाळा बघते. त्यापेक्षा नवोदयचा अर्ज भरा, राहणं-जेवण सगळं फुकट.

पाटीपेन्सिल:
@रानवारा, ती पूर्व माध्यमिक शिष्यवृत्ती. ही एनएमएमएस, केंद्राची, वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी. दोन्ही परीक्षा राज्य परीक्षा परिषदच घेते, म्हणून घोळ होतो. आणि नवोदयला प्रवेश घेतला तर हीच शिष्यवृत्ती जाते!

कोरडवाहू:
जि. प. शाळा आठवीपर्यंतच आहे, तिचं नाव दिसतं. तालुक्याचं हायस्कूल दिसत नाही. ओटीआर झालाय, १४ अंकी नंबर आलाय. जुनीच शाळा टाकून देऊ का?

पाटीपेन्सिल:
अजिबात नको. अर्जाची पडताळणी सध्या जिथे शिकते ती शाळा करते. जुनी शाळा टाकली तर अर्ज तिथे जाऊन पडेल आणि परत येईल. गुरुजी बरोबर सांगताहेत.

हायस्कुलाचा ११ अंकी यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) घ्या. आधी जिल्हा नीट निवडलाय का बघा, मग नावाऐवजी त्या क्रमांकावरून शोधा. पोर्टलवर शाळांची नावं इंग्रजीत आणि कशीही तोडलेली असतात. तरी नाही आली तर शाळेची नोंदणी नाही, किंवा यंदा नोडल शिक्षकाची (पोर्टलच्या कामासाठी नेमलेला शिक्षक) माहिती अद्ययावत केलेली नाही. ते क्लार्कच्या हातात नसतं, मुख्याध्यापकांना भेटा. त्यांनाही मार्ग सापडला नाही तर जिल्ह्याचं शिक्षणाधिकारी (योजना) कार्यालय. शाळेनंतरची पडताळणी जिल्ह्यालाच होते, त्यामुळे तिथे फोन लागतो.

टपाल_तिकीट:
शाळेचं होईल, आधी खातं बघा. पोस्ट पेमेंट्स बँकेत मुलीच्या नावाने काढा, दहा वर्षांपुढे निघतं, आधार लगेच जोडतात.

पाटीपेन्सिल:
खातं आधीच असेल तर नवं कशाला? पैसे आधारला शेवटी जी बँक जोडली तिथे जातात. दोन-दोन खाती काढून पालकच गोंधळतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधारला कुठली बँक जोडलीय त्याची, स्थिती दिसते, तेवढं बघा.

टपाल_तिकीट:
गावातल्या बँकेत सीडिंगचा अर्ज महिनाभर पडून राहतो, म्हणून सांगितलं.

बांधावरून:
निवड यादीतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का? यादीत आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, एवढ्यावरूनही अर्ज अडतात.

रानवारा:
सेतूवाल्याला शंभर रुपये द्या, तो शोधून देईल शाळा.

बांधावरून:
सेतूवाल्याला जी पहिली दिसेल ती शाळा तो टाकणार. मग दुरुस्ती कोण करणार?

कोरडवाहू:
यू-डायसवरून सापडली! आता नवीनच. हायस्कूल अनुदानित आहे, पण मुलगी सेमीच्या तुकडीत आहे, तिथे फी घेतात. अडेल का?

बांधावरून:
तुकडी विनाअनुदानित असेल तर अडेल.

पाटीपेन्सिल:
तुकडी कुठे बघतात? अर्जात शाळाच विचारतात.

बांधावरून:
पडताळणीत अडलं तर? योजना शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्था आणि अनुदानित शाळांपुरती आहे. मुख्याध्यापकांना आजच विचारा, तुकडी विनाअनुदानित निघाली तर अनुदानित तुकडीत बदलून मागा. नववीतला नवा अर्ज राहिला तर दहावीत नव्याने भरता येत नाही, तिथे फक्त नूतनीकरण असतं. आणि पुढे अकरावीत चालू राहायला दहावीला ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५५.

मोगरा_क:
भाचा एनएमएमएस पास आहे, पण निवड यादीत नाही. आम्ही कुणबी. काही मिळतं का?

बांधावरून:
सारथीची (मराठा-कुणबी समाजासाठीची राज्याची संस्था) शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६०० रुपये. नववीची शाळा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित हवी, अर्ज शाळेमार्फत. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे आधी तुकडीचं कळू दे.