मदत हवी आहे: पेटती पोई फिरवण्याआधी बनेटी शिकून घ्यावी का?

नमस्कार मंडळी. मी इंदूरला राहते, वय ३६. इथे अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्यांच्या (चित्ररथांच्या) मिरवणुकीत आखाड्यांची मुले जी पेटती बनेटी, म्हणजे टोकांना आग लावलेली काठी (इथल्या हिंदीत बनेठी), फिरवतात, ती लहानपणापासून पाहत आल्यामुळे आगीच्या खेळाची ओढ मला जुनीच आहे. गेले पाच महिने मी पोई शिकते आहे. हा मूळचा न्यूझीलंडच्या माओरी लोकांचा, दोरीला बांधलेले गोळे फिरवण्याचा प्रकार. त्यात आग पुष्कळ नंतर आली. लांब मोज्यांत मूठ-मूठ मूग भरून मी सराव केला आणि आता दोन्ही हातांनी आठाचा आकडा न अडखळता काढता येतो.

दोन आठवड्यांपूर्वी गच्चीवर पहिल्यांदा एकच गोळा पेटवला. अंगात ओढणीशिवाय सुती सलवार-कमीज होता, केस ओले करून घट्ट बांधले होते आणि भाऊ ओला टॉवेल घेऊन जवळ उभा होता. चिंध्यांचा गोळा रॉकेलमधून काढून आम्ही नुसता निथळू दिला, झटकला मात्र नाही. पहिल्याच फेऱ्याला फर्र असा आवाज झाला आणि पेटत्या थेंबांची एक रेघ फरशीवर उमटली. भावाने ती लगेच विझवली. पण तेवढ्यात गोळ्याची तार सैल होऊन एक जळती चिंधी माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर पडली. त्यानंतर मी काहीही पेटवलेले नाही.

ज्योत मोठी दिसावी म्हणून पेट्रोल मिसळण्याचा सल्ला एकाने दिला, तो मी ऐकणार नाही. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांनाही पेट घेते, रॉकेलला साधारण ३८ अंश तरी लागतात. अर्थात आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारी रॉकेलचाही भरवसा धरता येत नाही, म्हणून सराव रात्रीच करायचा आणि डबा खाली घरात ठेवायचा, असे ठरवले आहे.

माझा मुख्य प्रश्न असा आहे. आमच्या भागातल्या आखाड्याचे वस्ताद मला बनेटी शिकवायला तयार आहेत. बनेटीची काठी ताठ असल्यामुळे टोकाची आग हातापासून ठरलेल्या अंतरावरच राहते. पोईची साखळी मात्र वेग मोडला की सैल पडते आणि गोळा अंगाकडे येतो. अशा वेळी आधी बनेटी शिकल्याने आगीची सवय होऊन पोईला मदत होईल, की मनगटाला काठीचे वळण लागून ते पुढे आडवे येईल? ज्यांनी दोन्ही केले आहे त्यांचा अनुभव मला सर्वांत मोलाचा वाटेल.

दुसरे असे की, चिंध्यांऐवजी न वितळणारी अरामिड धाग्याची फीत वापरावी असे वाचले आहे. ती साखळीला तारेने बांधावी की नट-बोल्टने आवळावी? आणि बुडवलेला गोळा पेटवण्यापूर्वी जादा रॉकेल नेमके कसे झटकता, हेही कृपया सविस्तर सांगावे. तोवर मी मोज्यांवरच सराव करते आहे.